फळा राहू द्या, पण कोनमापक तर दिसू द्या

नमस्कार सर,

डॉक्युमेंट कॅमेऱ्यावरच्या (खाली ठेवलेली वही किंवा वस्तू पडद्यावर मोठी करून दाखवणाऱ्या कॅमेऱ्यावरच्या) माझ्या लेखावर तुम्ही वेळ काढून सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देते. तुमचे आक्षेप थोडक्यात असे: चांगल्या शिक्षकाला खडू-फळा पुरतो, मुलांनी हाताने करायच्या गोष्टी ती आता पडद्यावर बघत बसतील, हे सगळे पैसेवाल्या शाळांचे चोचले आहेत, आणि एखाद्या मुलाची वही मोठी करून साऱ्या वर्गाला दाखवणं म्हणजे त्याची धिंड काढणं. शेवटचा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, त्याकडे शेवटीच येते.

फळा मी सोडलेला नाही. प्रमेयाची सिद्धता, इतिहासातला घटनाक्रम, समासांचं वर्गीकरण, जिथे पहिली ओळ तास संपेपर्यंत डोळ्यांसमोर राहायला हवी तिथे फळ्याला तोड नाही. कॅमेऱ्याखालचा कागद बदलला की आधीचं सगळं गेलं. पण कोनमापकाचं काय करायचं? फळ्यावर आपण वापरतो तो हातभर लांबीचा, आणि मुलाच्या कंपासपेटीत असतो तो तळहाताएवढा, पारदर्शक, आकड्यांच्या दोन ओळींचा. एक ओळ डावीकडच्या शून्यापासून सुरू होते, दुसरी उजवीकडच्या. 50 अंशांचा कोन मोजून 130 लिहिणारी मुलं तुमच्याही वर्गात असतीलच. शिवाय बऱ्याच कोनमापकांना शून्याच्या रेघेखाली प्लास्टिकची एक पट्टी असते. मुलं कोनाच्या भुजेवर ती रेघ ठेवण्याऐवजी खालची कडा ठेवतात, आणि उत्तर दोन-चार अंशांनी चुकतं. ही चूक फळ्यावरून कितीही तोंडाने सांगितली तरी मागच्या बाकापर्यंत पोहोचत नाही. कॅमेऱ्याखाली मी मुलाचाच कोनमापक ठेवते. आधी कडा भुजेवर ठेवून कोन वाचते, मग तो जरासा खाली सरकवून रेघ भुजेवर आणते आणि पुन्हा वाचते. मग पेन्सिलीचं टोक त्या भुजेवरच्या शून्यापासून 10, 20, 30 असं नेते. कुठली ओळ वाचायची हे सांगावंच लागत नाही.

मुलं नुसती बघत बसतील, ही तुमची भीती खरी आहे. कॅमेरा तासभर चालू ठेवला तर तसंच होईल. जास्वंदाचं फूल शिकवताना मी तो पाचेक मिनिटंच वापरते. निदलपुंज (पाकळ्यांखालचा हिरवा पेला) आणि पाकळ्या कशा अलगद काढायच्या, पुंकेसरांची नळी उभी कुठे चिरायची, तिच्या आतून वर गेलेला कुक्षीवृंत, म्हणजे अंडाशयावरची बारीक दांडी, कसा ओळखायचा, अंडाशयाचा आडवा छेद कुठे घ्यायचा, एवढंच दाखवते. मग पडदा बंद आणि दोघांत एक फूल. पडदा बंद करणं महत्त्वाचं, नाहीतर आकृती पडद्यावरच्या फुलाची निघते, हातातल्याची नाही. आधी न दाखवता ब्लेड हातात दिलं तर निम्म्या बाकांवर अंडाशयाचा चेंदामेंदा होतो आणि आतले पाच कप्पे कोणालाच दिसत नाहीत. तुम्हीही प्रात्यक्षिक आधी स्वतः करून दाखवत असणार. टेबलाभोवती तेव्हा किती मुलं मावायची?

आणि काही वस्तू वर्गात एकच असते. एका विद्यार्थिनीने घरातली जुनी शिवराई आणली होती. साठ मुलांत ते नाणं हातोहात फिरवलं असतं तर तास संपला असता, आणि पहिल्या बाकावर विषय सुरू असताना शेवटचा बाक वाटच बघत बसला असता. कॅमेऱ्याखाली ठेवलं तेव्हा सुरुवातीला फक्त एक काळपट तांब्याचा तुकडा दिसला. वरचा दिवा बंद करून मोबाइलचा टॉर्च अगदी आडवा, नाण्याच्या कडेशी धरला, तशी झिजलेल्या अक्षरांच्या सावल्या पडल्या आणि 'श्री राजा शिव' यातला 'राजा' स्पष्ट उठून आला. मागच्या बाजूला 'छत्र' दिसलं, खालचं 'पति' अर्धं कापलेलं. ठसा नाण्याच्या मधोमध न बसल्यामुळे असं होतं, हे मी सांगायच्या आधी एका मुलाने विचारलं, "बाई, शिक्का तिरका मारलाय का?" मग बोलणं टांकसाळीवर, हातोडीने ठोकून पाडायच्या नाण्यांवर गेलं. हेच लेखन पुढच्या काळातल्या नाण्यांवरही येत राहिलं, त्यामुळे शिवराई दिसली की ती थेट महाराजांच्या हयातीतली मानायची नसते, हेही तिथेच बोलता आलं. भूगोलात तसंच. सर्व्हे ऑफ इंडियाचा 1:50,000 चा नकाशा आमच्या शाळेत एकच आहे. घाटाच्या कड्यापाशी तपकिरी समोच्चरेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) कशा एकमेकींना चिकटतात, हे मुलांनी त्यातच पाहिलं.

चोचल्यांबद्दल. वेगळा कॅमेरा घ्यायलाच हवा असं मी म्हणत नाही. प्रयोगशाळेतल्या लोखंडी स्टँडच्या चिमट्यात फोन आडवा अडकवला आणि केबलने टीव्हीला जोडला की काम भागतं. लोकवर्गणीतून आलेले टीव्ही कितीतरी जिल्हा परिषद शाळांत आहेत, आणि पत्र्याच्या उजेडी खोलीत प्रोजेक्टरपेक्षा टीव्हीच बरा दिसतो. दोनच पथ्यं: फोकस लॉक करून ठेवायचा, नाहीतर हात हलला की चित्र धूसर होतं, आणि पट्टी किंवा व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) वाचायचा असेल तर फोन बरोबर वर हवा आणि वाचायची खूण चौकटीच्या मध्यावर, फोन तिरका असला की वाचन चुकतं. वीज गेली तर फळा आहेच.

आता धिंड. सर, ज्या वर्गात चुकीला हसतात त्या वर्गात कॅमेरा आणूच नये, इथे मी पूर्ण तुमच्या बाजूची आहे. म्हणून मुलाला आदल्या दिवशी एकट्याला विचारते. नाव कागदाने झाकते. ज्या उदाहरणात रीत बरोबर आणि उत्तर चुकलंय, अशी वही आधी घेते, कारण वर्गाला तिथे चूक शोधण्याआधी बरोबर काय आहे ते शोधावं लागतं. निबंधातली दोन-तीनच वाक्यं घेतो. मुलं बदल सुचवतात, लिहिणाऱ्याला पटलं तरच तो खोडतो. गेल्या महिन्यात एकीने वर्गाने सुचवलेलं 'नयनरम्य' नाकारून आपलं 'हिरवंगार' तसंच ठेवलं, आणि कारणही दिलं: आजोळच्या शेतात तिला तेच दिसलं होतं. गुण आणि प्रगतिपुस्तक कॅमेऱ्याखाली कधीच जात नाही. नाही म्हणालेल्या मुलाची वही तो स्वतःहून आणेपर्यंत पुन्हा मागत नाही.

तुम्ही इतकी वर्षं वर्गाला चुका दाखवत होतात त्या कशा, हे मात्र प्रतिक्रियेत आलं नाही. वही हातात घेऊन वाचून दाखवायचात, की नाव न घेता तीच चूक फळ्यावर लिहायचात? मुलं तेव्हा कशी वागायची, हेही लिहा. मला ते खरंच हवं आहे.