एकाच थरातले सोबती आणि वैरी

तुमच्या लेखात बायोफिल्मला, म्हणजे चिकट आवरणात एकत्र राहणाऱ्या जीवाणूंच्या थराला, 'जीवाणूंचं एकत्र कुटुंब' म्हटलंय ते पटलं. पण त्या कुटुंबातल्या भांडणांची एकाच ओळीत बोळवण केलीत, याची हळहळ वाटली.

दातांवरचं कीटणच घ्या. स्ट्रेप्टोकॉकस गटातले जीवाणू साखर खाऊन लॅक्टिक आम्ल सोडतात, व्हेलोनेला हा दुसरा जीवाणू त्या आम्लावर जगतो. एकाचं उष्टं ते दुसऱ्याचं जेवण. त्याच थरात स्ट्रेप्टोकॉकस सँग्विनिस हायड्रोजन पेरॉक्साइड सोडून दात किडवणाऱ्या स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स या भाऊबंदाला रोखतो, आणि म्यूटन्स म्यूटासिन नावाची विषं सोडून उलट वार करतो. मातीत राहणाऱ्या बॅसिलस सबटिलिस या जीवाणूचं तर नवलच! थर मोठा झाला की कडेचे जीवाणू मधूनमधून वाढ थांबवतात, म्हणजे आतल्यांपर्यंत अन्न पोचतं. हे 2015 मध्ये उघड झालं. यात उपकार नाही बरं का, कडेच्यांना वाढीसाठी लागणारं अमोनियम (नायट्रोजन पुरवणारं द्रव्य) आतलेच तयार करतात.

आम्ही खानापूर तालुक्यातले, घरी चार म्हशी. गेल्या पावसाळ्यात डेअरीतून दूध दोनदा परत आलं. आई रडकुंडीला आली, कारण किटली ती रोज कढत पाण्यानं विसळायची. शेवटी झाकणाचं रबर काढलं, तर खाली बोटाला लागेल असा बुळबुळीत थर, म्हणजे बायोफिल्मच! त्या चिकट आवरणामुळं नुसतं जंतुनाशक औषध ओतून भागत नाही, आधी ब्रशनं घासून थर मोडावा लागतो. आता रबर रोज निघतं.

हे घासण्याचं लेखात जरूर घाला. आमच्याकडं दूध घालणारी घरं पुष्कळ आहेत.