आम्ही इथलेच आहोत

२०२५ च्या जुलैत मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना युनेस्कोच्या यादीत स्थान मिळाले, तेव्हापासून आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात एक वाद धुमसतो आहे : गडावर गाइडला पैसे का द्यायचे? माझ्या आतेभावाच्या मते शिवरायांचा इतिहास मराठी माणसाला पाळण्यातच पाठ होतो, तो विकत ऐकणे हा आपलाच अपमान. त्याच्या या वाक्याला पंधरा अंगठे मिळाले, आणि इकडे जपानात, नागोयात माझा चहा गार झाला.

त्याच आठवड्यात साताऱ्याहून आलेल्या काका-काकूंना घेऊन मी ताकायामाला गेलो. सान्माची या जुन्या वस्तीतली तांदळाची दारू बनवणारी घरे आणि दारावर टांगलेले जपानी सीडरच्या पानांचे गोळे काकूंनी फोटो काढून उरकले. आम्ही रमलो ते ‘ताकायामा जिन्या’ या जुन्या सरकारी कचेरीत. १६९२ मध्ये शोगुनांनी, म्हणजे जपानच्या लष्करी राज्यकर्त्यांनी, इथला हिदा प्रांत थेट आपल्याकडे घेतला, त्यानंतरचा कारभार याच कचेरीतून चाले. अशा कचेऱ्यांपैकी मुख्य इमारत टिकून राहिलेली देशात ही एकच. गाइड सत्तरीतले गृहस्थ होते. खिळ्यांची डोकी झाकायला बसवलेले छोटे ससे त्यांनी ज्या सुरात दाखवले, त्याच सुरात त्यांनी चौकशीच्या खोलीतले, कैद्याच्या मांड्यांवर रचायचे दगडही दाखवले आणि अठराव्या शतकात जमिनीच्या नव्या मोजणीविरुद्ध उठलेल्या शेतकऱ्यांना कसे चिरडले तेही सांगितले. आपल्याच सरकारचा जुलूम इतक्या शांतपणे सांगणारा माणूस आपल्या गडांवर का भेटत नाही, असे मी गटात तावातावाने लिहिले. या गाइडचे वेगळे पैसे पडत नाहीत, ते तिकिटातच येते, हे मात्र लिहिले नाही.

आणखी एक गोष्ट लिहिली नाही. मागच्या सुट्टीत मी रोपवेने रायगडावर गेलो होतो. वर एक तरुण गाइड पुढे आला, तेव्हा "गरज नाही, आम्ही इथलेच आहोत" असे सांगून मीच त्याला वाटेला लावले होते. नागोयात येऊन मला तेव्हा चौदा वर्षे झाली होती, आणि होळीच्या माळावरून जगदीश्वराच्या देवळाकडे कसे जायचे हे मी नंतर एका ताकवाल्या मावशींना विचारले.

सारा म्हणून आलेला तांदूळ ठेवायच्या कोठारात काकूंनी मला विचारले, "आपल्याकडे सारा कसा ठरवायचे रे?" मला अफजलखान आठवला, सुरत आठवली, आग्रा आठवले. उत्तर काकांनी दिले, कारण त्यांची सारी नोकरी तलाठ्याची : अण्णाजी दत्तोंची मोजणी, पाच हात पाच मुठींची काठी, वीस काठ्या लांब आणि वीस काठ्या रुंद तो बिघा. मी ते जपानीत सांगत गेलो. गाइडनी खिशातून वही काढली आणि मूठ नेमकी कोणाची धरायची, असे विचारले. काकांनी आपला हात पुढे केला.