खुलासा: ‘बॅड एज्युकेशन’मधली राचेल खरी नाही

‘भारतीय वंशाच्या राचेल भार्गव या विद्यार्थिनीने जुनी बिलं उपसून अमेरिकेतला शाळा-घोटाळा पकडला’ हा मजकूर माझाच, आता ग्रुपांवर फिरतोय. ‘बॅड एज्युकेशन’ हा सिनेमा बघून उत्साहात लिहून मोकळा झालो. जुन्या बातम्या नंतर वाचल्या. राचेल काल्पनिक पात्र आहे. न्यूयॉर्कमधल्या लाँग आयलंडवरच्या रॉझलिन गावच्या शाळांमधला १ कोटी १२ लाख डॉलरचा अपहार मात्र खरा. २००२ मध्येच तिथल्या शाळा-प्रशासनातल्या एका महिला अधिकाऱ्याच्या मुलाने शाळेच्या कार्डावर घरदुरुस्तीचं सामान घेतलं आणि बिंग फुटलं. संचालक मंडळाने तेव्हा ते दाबलं! २००४ मध्ये या अपहाराबद्दल निनावी पत्र फिरलं. विद्यार्थ्यांच्या ‘हिलटॉप बीकन’ या शालेय वृत्तपत्राने बातमी छापली, एवढं श्रेय खरंच त्यांचं. जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका.