टेबलाच्या कोपऱ्यावर पडलेली प्रत

चौकशी आयोग नेमला म्हटलं की आपल्या तोंडून पहिलं वाक्य काय निघतं? "झालं, प्रकरण बासनात गेलं!" मीही त्यातलाच. पण अमेरिकेतल्या एका आयोगाबद्दल वाचलं आणि जरा गप्प बसलो.

१९ फेब्रुवारी १९४२. पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्याला अडीच महिने होत नाहीत तोच राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टनी हुकुमावर सही केली. जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० माणसांना घरदार, दुकानं, शेतं टाकून काटेरी तारांमागच्या छावण्यांत जावं लागलं. त्यातले दोन तृतीयांश चक्क अमेरिकन नागरिक! लॉस एंजेलिसची १७ वर्षांची आयको त्यातलीच, शाळेच्या शेवटच्या वर्षाला होती.

१९८० मध्ये तिथल्या संसदेनं आयोग नेमला. ७५० च्या वर साक्षी झाल्या. घरी पोराबाळांपुढेही ज्यांनी कधी अवाक्षर काढलं नव्हतं, ते म्हातारे माइकसमोर बसून बोलले आणि रडले.

पण मला खरी ओढ आहे ती कागदांची. तीच आयको हर्झिग-योशिनागा, आता साठीला टेकलेली, आयोगासाठी वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात फायली उपसत होती. १९८२ मध्ये तिथल्या एका टेबलाच्या कोपऱ्यावर तिला एक बाड दिसलं. पानोपानी हातानं केलेल्या दुरुस्त्या. या माणसांना पश्चिम किनाऱ्यावरून हलवणाऱ्या लष्करी अधिकाऱ्याच्या, जनरल डेविटच्या, अहवालाची ती मूळ प्रत होती, जिच्या सगळ्या प्रती जाळून टाकायचा हुकूम निघाला होता. छापील अहवालाचा सूर असा, की कोण निष्ठावान आणि कोण नाही हे तपासायला वेळच नव्हता. मूळ मसुद्यात डेविटसाहेब सरळ म्हणतात, वेळेचा प्रश्नच नाही, या लोकांत तसा निवाडा करताच येत नाही. म्हणजे वेळ कितीही दिला असता तरी उत्तर तेच. रक्तच संशयित! या हुकुमाविरुद्ध खटले चालू होते; हे कोर्टापुढे जाऊ नये म्हणून वरच्यांनी वाक्यं बदलून घेतली.

१९८३ च्या अहवालात आयोगानं तीन कारणं दिली: वंशद्वेष, युद्धज्वर आणि राजकीय नेतृत्वाचं अपयश. लष्करी गरज त्यात नाही. सरकारनंच नेमलेल्या मंडळींनी सरकारबद्दल हे लिहिलंय, बरं का. पुढे १९८८ चा कायदा, माफी, हयात असलेल्यांना प्रत्येकी २०,००० डॉलर. पैशांवरून वाद झाले, होणारच.

आता आपलं. राजस्थानातलं देवली आठवतं कुणाला? दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी तिथे जपानी नागरिकांना डांबलं होतं. १९६२ च्या युद्धानंतर त्याच देवलीत आपण चिनी वंशाची सुमारे ३,००० माणसं नेऊन ठेवली. आसामची, दार्जिलिंगकडची, कित्येक इथेच जन्मलेली. काहींची तिथे वर्षं गेली, पोरं तिथेच जन्मली. त्यांच्या फायली कुठल्या कपाटात आहेत, हे विचारायला आपण अजून एकही आयोग नेमलेला नाही.