माती कुठे ठेवणार, ते आधी सांगा

परवा आमच्या गोव्यातल्या एका लोहखनिजाच्या खाणीच्या जनसुनावणीला गेलो होतो. कोणत्या, ते मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की खाली सगळी भांडणं नावावरूनच होतात. सल्लागार कंपनीचा तरुण पडद्यावर एकेक चित्र दाखवत होता. शेवटच्या चित्रात हिरवागार डोंगर, खाली निळं तळं, तळ्यात चक्क बदकं. वर लिहिलेलं, 'खाणकाम संपल्यानंतर'. शेजारी बसलेले आमच्या वाड्यावरचे काका माझ्या कानाशी लागून म्हणाले, "झाडां लायतले खरें रे, पूण माती खंयच्यान हाडटले?" झाडं लावतील खरं, पण माती कुठून आणणार?

त्या तासाभरात एवढा नेमका प्रश्न दुसऱ्या कुणी विचारला नाही. त्यावरच लिहितोय. लांब होईल, चहा घेऊन बसा.

आधी माझं सांगतो, नाहीतर 'तू कोण बोलणारा' असं कुणीतरी म्हणेलच. मी २००२ साली डिचोली तालुक्यातल्या एका खाणीवर सुपरवायझर म्हणून लागलो. २०१२ ला बंदी आली, मग थोडं सुरू झालं, २०१८ च्या मार्चमध्ये पुन्हा सगळं थांबलं. आमच्या घराचा स्लॅब खाणीच्या पगारावर पडलाय आणि आमच्या मळ्यात जी दोन वीत खाणमाती बसलीय, तीही खाणीचीच. त्यामुळे मला कुठल्याच बाजूने घोषणा देता येत नाहीत.

गोव्यात एक टन खनिज काढायला साधारण अडीच-तीन टन माती-दगड उपसावे लागतात. २०१०-११ साली इथून ५ कोटी टनांवर खनिज निर्यात झालं. गुणाकार तुम्हीच करा. हा सगळा उपसा कुठे गेला? डंपवर, म्हणजे टाकाऊ मातीच्या ढिगांवर. आणि डंप कुठे? पोर्तुगीज काळातल्या खाणपट्ट्यांना १०० हेक्टरची मर्यादा होती. एवढ्याशा जागेत खंदकही करायचा आणि डोंगराएवढा डंपही, हे जमणार कसं? म्हणून डंप पट्ट्याबाहेर गेले, कुणाच्या काजूच्या भाटात (बागेत), कुणाच्या व्हाळाच्या (ओढ्याच्या) तोंडाशी. पट्ट्याबाहेर डंप टाकता येणार नाही, असं सुप्रीम कोर्टाने २०१४ साली सांगितलं. डंप तोवर पावसाळ्यांमागून पावसाळे खात उभे होते.

लोक विचारतात, तीच माती परत खड्ड्यात का टाकत नाहीत? कोळशाच्या खाणीत टाकतात की! बरोबर आहे, पण कोळशाचा थर बहुतेक ठिकाणी आडवा पसरलेला असतो. पुढे खणत जायचं आणि मागचा रिकामा भाग भरत यायचा. आपलं खनिज खाली खाली जातं. खंदक पुढे सरकत नाही, खोल होतो. कित्येक खंदकांचा तळ आज समुद्रसपाटीच्याही खाली आहे. तळाशी खनिज शिल्लक असेपर्यंत वर माती टाकायची म्हणजे ते गाडून टाकायचं, आणि त्याला ना मालक तयार ना सरकार.

दुसरं कारण कागदावर सापडणार नाही, ते खाणीवर काम केलेल्यालाच माहीत. ज्या टाकाऊ मालाला आम्ही रिजेक्शन म्हणायचो त्यालाही भाव येतो. पूर्वी ५५ टक्क्यांहून कमी लोखंड असलेलं खनिज टाकाऊ धरायचे. २००९ मध्ये इंडियन ब्युरो ऑफ माइन्स या केंद्र सरकारच्या खात्याने ती रेघ ४५ टक्क्यांवर आणली. चीन तर त्याच्या आधीपासूनच हलका माल उचलत होता. जो डंप काल कचरा होता, तो एका रात्रीत माल झाला. मग कोण शहाणा तो खड्ड्यात ढकलेल? आमचे साहेब डंपकडे बघून म्हणायचे, "असू दे, बँकेत आहे." त्या बँकेचं व्याज दर जूनमध्ये खालच्या शेतात उतरायचं.

आता पैशाचा हिशेब. खाण बंद करण्याची हमी म्हणून कंपनीने रक्कम ठेवायची असते. २०१७ च्या नियमांत मोठ्या यांत्रिक खाणींसाठी हेक्टरी ३ लाख रुपये होती, २०२१ मध्ये ५ लाख केली. ऐकायला बरं वाटतं. एक हेक्टर खड्डा ५० मीटर खोल धरा, म्हणजे ५ लाख घनमीटर झाला. एक घनमीटर भरायला हमी किती? एक रुपया. एका रुपयात आमच्या बाजारात कोथिंबिरीची काडी येत नाही.

बरं, समजा कुणी भरलाच. मग जमीन परत आली का? इथेच माझं म्हणणं आहे. जमीन म्हणजे नुसता खड्डा आणि माती नव्हे, थरांचा क्रम आहे. वर हातभर जिवंत माती, खाली जांभा, त्याखाली चिकण, आणि तिच्यात पावडर ओअर, म्हणजे भुकटीसारखं लोहखनिज. ही पावडर खनिज असली तरी पाणी धरून ठेवणारा थरही तीच. आमच्या विहिरी, झरी तिच्यावर जगतात. खाणीने ती उचलून बार्जमधून मुरगाव बंदरात पाठवली. तिच्या जागी चिकणमाती भरली तर खड्डा दिसायचा थांबेल, झर फुटणार नाही. खाण चालू असताना आमच्या वाड्यावरच्या विहिरी मार्चमध्येच तळ दाखवायच्या, कारण खंदकातलं पाणी दिवसरात्र पंपाने उपसत होते. पंप बंद झाल्यावर दोन-तीन वर्षांत मे महिन्यातही पाणी राहू लागलं. निसर्गाने दिलेली ती भरपाई, कुणी झाड लावून आलेली नव्हे. म्हणूनच प्रत्येक खंदक बुजवा, असं मी म्हणत नाही. काही ठिकाणी कडा मंद उताराच्या करून पाणीच राहू द्यावं. पण ते कुठे आणि किती खोल, हे खणायच्या आधी ठरलेलं असावं.

झाडांचं तर विचारूच नका. बहुतेक जुन्या डंपांवर काय आहे? ऑस्ट्रेलियन अकेशिया. दोष त्या झाडाचा नाही, मेलेल्या मातीवर तगणारं तेच. पण त्याच्या पाल्याखाली गवत धरत नाही, गुरं तिकडे फिरकत नाहीत. चवथीला माटोळीसाठी (गणपतीच्या वर टांगतात ती रानफळांची मांडणी) आम्ही पोरं रान तुडवायचो, कांगलां, कवंडळ, माट्टीची फळं. डंपवरच्या त्या हिरव्या रानातून एक फांदीसुद्धा माटोळीला चढत नाही. माट्टी म्हणे आपला राज्यवृक्ष! सुप्रीम कोर्टाने २०२० च्या जानेवारीत सांगितलं की खाणकाम संपलं की जमिनीवर पुन्हा गवत उगवलं पाहिजे, चारा झाला पाहिजे. कोर्टाला गुरांची आठवण झाली, आम्हाला झाली नव्हती.

सांखळीच्या जुन्या खाणीचं उदाहरण दर सुनावणीत येतं. मीही पाहून आलोय. बांबू आहे, फुलपाखरांची बाग आहे, खंदकात मासे सोडलेत. चांगलं काम आहे, नाकारत नाही. पण तिथलं खनिज संपलं होतं, मग हे सुरू झालं. २०२२ च्या डिसेंबरपासून जे नवे ब्लॉक लिलावात गेले, डिचोली, शिरगाव-मये, मोंत द शिरगाव, काले, त्यांची लीज ५० वर्षांची. मी आज ४६ चा. 'संपल्यानंतर' बघायला मी ९६ व्या वर्षी काठी टेकत जाणार की काय?

माती परत देण्याचं काम पहिल्या दिवशी सुरू होतं, मशीन वरची हातभर माती खरवडते त्या दिवशी. ती वेगळी ठेवली की डंपमध्ये मिसळली, एवढ्यावर पुढचं सगळं अवलंबून. वेगळी ठेवली तरी उंच ढीग करून वर्षानुवर्षं झाकून ठेवली तर आतून मरते, बियाणं कुजतं. ठेंगणे ढीग घालायचे, वर गवत पेरायचं, आणि खाणीचा जो कोपरा रिकामा होईल तिथे लगेच नेऊन पसरायची. सोपं आहे. आमच्याकडे मात्र पहिल्याच आठवड्यात सगळं एकाच टिपरमध्ये जायचं. कुणाच्या सहीने? सुपरवायझरच्या. म्हणजे माझ्या.

म्हणून सुनावणीत उभा राहिलो आणि एवढंच विचारलं, वरच्या मातीची जागा नकाशात दाखवा. त्या पोराने जरा शोधलं, मग नकाशा मोठा केला. एक पिवळा चौकोन निघाला. मी तो ओळखला. जिथून आमच्या मळ्याला पाणी येतं, त्या व्हाळाच्या काठावरच होता. लहानपणी तिथे आम्ही मासे पकडायचो. मी तसं सांगितलं. "इतिवृत्तात नोंद घेतो," असं उत्तर मिळालं.

बाहेर आल्यावर काकांनी विचारलं, "तो हळदुवो चौकोन आमच्या व्हाळार आसा न्ही रे?"

"हय," म्हटलं.

इतिवृत्ताची प्रत मागितली आहे. मिळाली की फोटो इथेच टाकतो.