‘सगळी सबटायटल्स कटला चिकटवा’ हा सल्ला कुठे फसतो

सबटायटल करणाऱ्यांमध्ये एक सल्ला बराच फिरतो: सॉफ्टवेअरला शॉट कुठे बदलतो, म्हणजे कट कुठे आहे, ते शोधू द्या, प्रत्येक सबटायटल जवळच्या कटला चिकटवा (त्याची सुरुवात आणि शेवट नेमका कटवर आणा), टायमिंग झालं. कारणही दिलं जातं: कट ओलांडणारं सबटायटल प्रेक्षक पुन्हा पहिल्यापासून वाचतो. कट शोधणारं साधन उत्तम आहे, तासन्‌तास वाचवतं. पण त्याच्या जोरावर केलेले हे दावे टिकत नाहीत.

‘कीफ्रेम म्हणजेच कट.’ नाही. कीफ्रेम म्हणजे फायलीत पूर्ण साठवलेलं चित्र; तो एन्कोडर (व्हिडिओ दाबून फाइल बनवणारं सॉफ्टवेअर) आपल्या सोयीने टाकतो. एक्स२६४ या एन्कोडरच्या मूळ सेटिंगमध्ये कटवर कीफ्रेम पडतो हे खरं, पण २५० फ्रेमपर्यंत कट आलाच नाही तरी तो पडतो, म्हणजे सेकंदाला २५ फ्रेमच्या व्हिडिओत १० सेकंदांनी. उलट आधीच्या कीफ्रेमनंतर लगेच, २५ फ्रेमच्या आत आलेल्या कटला पूर्ण कीफ्रेम मिळतच नाही. स्ट्रीमिंगसाठी बनवलेल्या फायलींत तर बहुधा ठरावीक अंतरानेच कीफ्रेम असतात. चित्रात काय चाललंय याच्याशी त्यांचा संबंध नसतो. म्हणून एजिसब या सबटायटलच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑडिओवर दिसणाऱ्या कीफ्रेमच्या उभ्या रेघांवर विसंबण्याआधी वीसेक रेघांवर जाऊन मागची-पुढची फ्रेम बघा. शॉट बदलत नसेल तर कीफ्रेम सोडून द्या आणि चित्रांची तुलना करून काढलेली यादी घ्या. ‘सबटायटल एडिट’ आणि ‘पायसीनडिटेक्ट’ ही दोन्ही सॉफ्टवेअर ती काढून देतात.

‘संवेदनशीलता वाढवा, एकही कट सुटणार नाही.’ एफएफएमपेग हे व्हिडिओचं साधन प्रत्येक फ्रेमला आधीच्या फ्रेमपेक्षा ती किती बदलली याचे ० ते १ मध्ये गुण देतं. किती गुणांच्या वर कट धरायचा ही मर्यादा आपण ठरवायची; सुरुवात ०.४ च्या आसपास करावी. मर्यादा ०.१५ वर आणली की कॅमेऱ्याचा फ्लॅश, वीज, झपकन वळलेला कॅमेरा, सगळंच कट ठरतं. आपल्या मालिकांमध्ये हा त्रास हमखास होतो: धक्का देणाऱ्या वाक्यानंतर चेहऱ्यावर पांढरा झोत येतो, आणि प्रत्येक झोताचे दोन खोटे कट निघतात, एक उजळताना, एक विझताना. एवढं करूनही डिझॉल्व्ह (एक शॉट हळूहळू दुसऱ्यात विरघळणं) निसटतो, कारण त्यात लागोपाठच्या दोन फ्रेममधला फरक फारच थोडा असतो. अंधाऱ्या प्रसंगातले कटही असेच सुटतात. यातली कुठली चूक परवडते? सुटलेला कट. तिथे सबटायटल निदान आवाजाबरोबर राहतं. खोटा कट ते आवाजापासून ओढून नेतो.

‘जवळच्या कटला चिकटवा.’ जवळचा म्हणजे किती? खरी मेख इथे आहे. समजा २५ फ्रेमच्या व्हिडिओत कट ००:१२:०८,४०० ला (तास:मिनिटं:सेकंद,मिलिसेकंद) आहे आणि वाक्य ०८,२४० ला सुरू होतं, म्हणजे ४ फ्रेम आधी. सबटायटल कटवर आणा. उशीर जाणवत नाही आणि आधीच्या शॉटच्या शेवटी अक्षरं लुकलुकत नाहीत. आधीचं सबटायटल कटच्या २ फ्रेम आधी, ०८,३२० ला संपवा. पण तेच वाक्य ०७,९०० च्या सुमारास सुरू होत असेल तर ते कटवर नेणं म्हणजे अर्धा सेकंद उशीर, ओठ हलतायत आणि खाली काहीच नाही. एजिसबच्या टायमिंग पोस्ट-प्रोसेसरमध्ये, म्हणजे लावलेल्या वेळा आपोआप सुधारणाऱ्या सोयीत, कटच्या आधीची आणि नंतरची मर्यादा सुरुवातीसाठी वेगळी, शेवटासाठी वेगळी देता येते. सुरुवातीला १६० मिलिसेकंद पुरे, शेवटाला थोडी सैल चालते. ‘हो’, ‘अगं थांब’ अशी छोटी वाक्यं मात्र हातानेच बघा: दोन्ही टोकं आत ओढली गेली की सबटायटल ५/६ सेकंदाच्या खाली जातं आणि वाचून होत नाही.

‘कट ओलांडला की प्रेक्षक पुन्हा वाचतो.’ २०१३ साली पोलंडमधल्या संशोधकांनी डोळ्यांच्या हालचाली नोंदवून हे तपासलं; बहुतेक प्रेक्षक पुन्हा पहिल्यापासून वाचत नव्हते. त्यामुळे लांब वाक्य कटवर तोडून त्याचे दोन अर्धवट तुकडे करू नका. ते सरळ ओलांडू द्या, फक्त कटच्या दोन्ही बाजूंना निदान अर्धा सेकंद राहू द्या. कटनंतर ३-४ फ्रेम रेंगाळून गेलेलं सबटायटल मात्र डोळ्याला टोचतं.

‘फ्रेम अचूक मिळाली, म्हणजे काम झालं.’ एसआरटी या सबटायटल फायलीत वेळ मिलिसेकंदात लिहिली जाते. सेकंदाला २३.९७६ फ्रेमच्या व्हिडिओत, शून्यापासून मोजली तर, १०० क्रमांकाची फ्रेम ४.१७०८ सेकंदांना येते. तिची वेळ पूर्णांकात ४,१७१ झाली की ती फ्रेम सबटायटलविना जाते आणि सबटायटल १०१ वर उगवतं. सुरुवातीची वेळ नेहमी खाली उतरवून, ४,१७० अशी घ्या. कटची यादीही ज्या प्रतीवर सबटायटल चढणार त्याच प्रतीवरून काढा. २३.९७६ ची यादी २५ च्या प्रतीला लावली की काही मिनिटांतच सगळं सरकतं.

कामाचा क्रम आधी आवाज, मग कट असाच ठेवा. वेव्हफॉर्मवर (आवाजाच्या आलेखावर) बोलणं ऐकून वेळा लावा, नंतर अरुंद मर्यादेने चिकटवा, आणि कटपासून ५ ते १२ फ्रेमवर राहिलेली सबटायटल्स वेगळी काढून एकेक बघा. कटच्या पलीकडच्या शॉटमध्ये काही उघड होणार असेल, दारात कोण उभं आहे वगैरे, तर तिथलं सबटायटल एक फ्रेमही आधी येऊ देऊ नका.