भूकरमापकाचा पगार: पुण्यात एक, गडचिरोलीत दुसरा?

भूमी अभिलेख खात्यातल्या भूकरमापकाला, म्हणजे जमीन मोजणाऱ्या सरकारी कर्मचाऱ्याला, ‘मुंबई-पुण्यात पन्नास हजार, विदर्भात वीस हजार, वर मोजणी फीतला हिस्सा’ मिळतो, असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे.

भरती पुणे, कोकण, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, अमरावती, नागपूर अशी विभागवार होते. गोंधळ बहुधा इथूनच सुरू झाला असावा. जाहिरातीत प्रत्येक विभागाच्या जागा वेगळ्या असल्या तरी वेतनश्रेणी सगळीकडे तीच आहे: एस-६ (सातव्या वेतन आयोगातला एक वेतनस्तर), महिना १९,९००–६३,२०० रुपये. म्हणजे नव्या माणसाचं मूळ वेतन अंधेरीत १९,९०० आणि अहेरीतही १९,९००. महागाई भत्त्याचा टक्काही एकच.

फरक पडतो तो घरभाडे भत्त्यात. त्यासाठी गावांचे तीन वर्ग आहेत: मुंबई-पुणे एक्स, नागपूर-नाशिक वाय, बाकी बहुतेक गावं झेड. सातव्या वेतन आयोगात सुरुवातीचं किमान घरभाडं ५,४००, ३,६०० आणि १,८०० असं ठरलं. एक्स म्हणजे झेडच्या तिप्पट, पण त्यात पुण्यात खोली मिळवून दाखवा! वाहतूक भत्ताही गावाप्रमाणे थोडा बदलतो. उलट आदिवासी आणि नक्षलग्रस्त भागात एकस्तर वेतनाचा, म्हणजे एक पायरी वरच्या वेतनश्रेणीचा, लाभ आहे, तो पुण्यात नाही.

आणि मोजणी फी? शेतकरी ती चलनाने भरतो, ती सरकारी तिजोरीत जाते. मोजणी साखळीने असो वा रोव्हरने (उपग्रहाच्या मदतीने मोजणारं यंत्र), बांधावर उभ्या भूकरमापकाला त्यातलं काहीही मिळत नाही. कुणी ‘वरचे’ मागत असेल तर त्याला लाच म्हणतात.

खासगी सर्व्हेअरचं गणित निराळं, ते या मेसेजमध्ये कालवू नका.